ठाण्यातलं गजराचं घड्याळ

पोलिसांनी कुणाला धरून नेल्याचं कळलं की आमचे विश्वनाथअप्पा कापडाचं दुकान तसंच उघडं टाकून ठाण्यात हजर. बाकड्यावर बसायचं, पिशवीतून गजराचं घड्याळ काढायचं, किल्ली द्यायची, मांडीवर ठेवायचं आणि विचारायचं, "टायम लिव्हला का, साहेब?"

आत बसलेला चोर आहे की साव, याच्याशी अप्पांना देणंघेणं नाही. "ते कोर्ट बघंल. चोवीस तासांच्या आत त्याला कोर्टापुढं न्या, एवढंच म्हनतो. जायचा टायम वजा धरा." कोर्ट रस्त्यापलीकडंच. "धरा धा मिनिटं. वाटंत च्या घ्या."

मी तेव्हा घोषणांवर जगणारा. देशाची दारं जगाला उघडली म्हणून टीव्हीवर आनंदीआनंद, आणि इथं गरिबाला आत टाकलं की एक दार उघडायला दहा ओळखी लागायच्या! संतापून मी बीडहून पत्रकं छापून आणली: 'जुलमी व्यवस्थेचा जाहीर निषेध'. अप्पांनी पत्रक दोन्ही बाजूंनी पाहिलं. "लई भारी. पन ह्यात आत बसल्याल्यानं काय करावं, ते कुठं हाय?"

मला राग आला. मग पोलिसांनी ज्ञानबाला उचललं.

ज्ञानबा मेंढरं राखणारा गडी. मोटारपंप चोरल्याचा संशय. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तावातावानं ठाण्यात शिरलो.

"वरडू नको बे," हवालदार म्हणाला. "अटक कुठं केलीय? चौकशीला बोलावलंय."

बाकड्यावरून अप्पा उठले. "अटक न्हाई?"

"न्हाई."

"मंग ऊठ रं ज्ञानबा, चल घरी. मेंढरं उपाशी हायेत."

ज्ञानबा खरंच उठला. चपला शोधायला लागला.

"ए, बस खाली!" हवालदार ओरडला. "अटक हाय!"

"हाय ना? मंग टायम लिव्हा. अन् ज्ञानबा, कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा न्हाई. वकील मागायचा. पैसे नसले तर सरकार देतं, तुझा हक्कच हाय त्यो."

हवालदारानं दातओठ खात वहीत लिहिलं. अप्पांनी ते स्वतः वाचलं, मला बाकड्यावर बसवलं, घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि फाटकाकडं गेले. तिथं ज्ञानबाची आई सकाळपासून भाकरी घेऊन उभी होती. तिच्याशी दोन शब्द बोलून परतले.

दुसऱ्या दिवशी चोवीस तासांचा गजर व्हायच्या आधीच ज्ञानबा कोर्टापुढं उभा राहिला. जामीन मिळाला. जामीन राहिले अप्पाच.

परतताना मी विचारलं, "अप्पा, हे घड्याळ कशापायी?"

"तरणा असताना मला नेलतं. पाच दिवस. कुठं लिव्हलंच न्हाई. तिसऱ्या दिवशी आई आली. शिपाई म्हनला, वहीत असा मानूसच न्हाई. ती म्हनली, बरं. मी आत ऐकतोय... मंग चार गावं मला हुडकत फिरली."

अप्पा घड्याळाला किल्ली देत राहिले. ती भरलेलीच होती.

"काल ज्ञानबाच्या आईला काय सांगितलंत?"

"दुसरं काय सांगनार? हाय, माय. आतच हाय. वहीत लिव्हलाय."