गुंडूअण्णांची उघडी छत्री

आमचे गुंडूअण्णा फुटबॉलची मॅच चालत बघतात. पावसाचा पत्ता नसला तरी डोक्यावर हात ताणून धरलेली लाल छत्री, आणि चेंडू जिकडं तिकडं अण्णा, मैदानाच्या कडेनं तुरुतुरु. "सुम्न कूडरी, अण्णा!" गप बसा म्हणून लोक ओरडतात. अण्णांचं उत्तर ठरलेलं: "बसायला घर आहे की!"

त्यांना 'छत्रीशास्त्री' हे नाव मी ठेवलं. विसाव्या वर्षी मी मैदानावर जायची ती गोलकीपरच्या मिशा बघायला. चेंडू बाहेर गेला तरी टाळ्या पिटायची. असल्या जाणकार बाईनं ठेवलेलं नाव, धारवाडभर झालं.

यंदा केलगेरीच्या वाटेवरच्या आमच्या कॉलेजनं त्याच मैदानावर फुटबॉलसाठी महालच बांधला. गल्लीत दुसरा विषय नाही. रिटायर झालेले देसाई मास्तर म्हणाले, "बुटांच्या खोलीला एसी! आम्ही वर्गात पंखा मागितला तर खिडकी उघडा म्हणायचे." दूधवाली शांतव्वा म्हणाली, "गवत खोटं हो! माझ्या म्हशीनं हुंगलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच फसवलं तिला." दमलेल्या पोरांना बर्फाच्या टबात बसवतात, हेही कळलं. मिशा बघायच्या दिवसांत मलाच बसवायला हवं होतं त्यात.

अण्णांची मात्र चालायची पट्टी गेली होती, आणि तिथंच, त्यांच्या घरासमोर, बसायच्या पायऱ्यांचा डोंगर उभा होता. त्यांनी छत्री उंचावली, चवड्यांवर उभे राहिले, मागं वळून घराकडं बघितलं. "फार उंच झालं," एवढंच बोलले.

पहिल्या मॅचला जुने चाहते म्हणून त्यांना पुढची नंबराची खुर्ची मिळाली. चारदा उठले, चारदा गार्डनं बसवलं.

"छत्री मिटा हो, स्क्रीन दिसत नाही!"

"मैदान बघा की मग!"

"सर, बसा ना. एवढी चांगली खुर्ची आहे."

"मला खुर्ची नको रे बाबा. चालायला वाट पाहिजे."

आणि हाफटाइमच्या आधीच निघून गेले. जन्मात असं झालं नव्हतं.

पुढच्या मॅचला मी मैदान सोडून त्यांच्या घरी गेले. चहाडी करायला, आणखी कशाला? त्यांची बायको सुशीलाक्का खिडकीशी खुर्चीत होती, गुडघ्यांना पट्टे.

"अक्का, अण्णांचं डोकं फिरलंय..."

"गप. सुरू झाली बघ."

काय सुरू झाली? समोर नुसती त्या पायऱ्यांची करडी पाठमोरी भिंत. तेवढ्यात भिंतीच्या वर, जिथल्या शेवटच्या ओळीत उन्हामुळं कुणी बसत नाही, तिथं लाल छत्री उगवली आणि पळायला लागली.

"उजवीकडं गेला चेंडू," अक्का म्हणाली. "अडवला... आला मागं."

अक्का छत्रीवरची नजर न काढता सांगत होती, "सासूबाई होत्या तोवर सुनेनं चड्डीतली पोरं बघायला जायचं नव्हतं. त्या गेल्या तोवर गुडघे गेले. हे सुरुवातीलाच म्हणाले होते, कंपाउंडवरून छत्री तर दिसेल? तेव्हापासून बघते. गोल झाला की तीनदा उघडमीट." मग हळूच, "नाव छान ठेवलंस हो, छत्रीशास्त्री."

भुईत गाडून घ्यावंसं वाटलं.

छत्री आता मधेच थांबत होती. एवढ्या पायऱ्या चढून गेलेले, आणि पंच्याहत्तरी उलटलेली. एकाएकी डाव्या टोकाला आरडाओरडा, शिट्ट्या, ढोल. छत्री अजून उजवीकडंच, धापा टाकत.

"गोल झाला गं अक्का! ऐक की!"

"अजून नाही," अक्का म्हणाली.

छत्री निघाली. दोनदा थांबली. डाव्या टोकाला पोचली आणि उघडली, मिटली, उघडली, मिटली, उघडली, मिटली.

तेव्हा अक्कानं टाळ्या वाजवल्या.