परग्रहावरचं हिरवं औषध

"एकदा आपली सिरीज येऊ द्या, मंग पाहा! परदेशातले डायरेक्टर आंजीचा रस्ता इचारत येतीन!"

हे वाक्य अश्वजितने घरात, पानठेल्यावर, कटिंगच्या दुकानात आणि एका लग्नात फोटो काढता काढता खुद्द नवरदेवालाही ऐकवून ठेवलं होतं. नवरदेवाने मुकाट मान हलवली. न हलवून सांगतो कुणाला? फोटो अजून निघायचा होता!

अश्वजित हा आंजी मोठी या गावचा फोटोग्राफर. लग्न, साखरपुडा, साहेबांचा निरोपसमारंभ, काहीही असो, अश्वजित हजर. पण त्याचा जीव मात्र कायमचा अंतराळात. गडी नवरीच्या मेंदीचा फोटो काढतानाही त्यात उपग्रहाची कक्षा शोधायचा. शेवटी त्याने स्वतःची विज्ञानकथेची वेब सिरीजच काढायला घेतली. नाव ठेवलं, 'मुक्काम पोस्ट आंजी, व्हाया मंगळ'.

कथा भारी होती! एका मरत चाललेल्या ग्रहावरून एक प्राणी येतो, त्याचं यान बिघडतं, तो इथेच अडकतो आणि जाता जाता पृथ्वीला संजीवनी देऊन जातो. आता यान आणायचं कुठून? घरचा जुना लोखंडी कूलर आडवा केला, त्याला डिशच्या दोन छत्र्या ठोकल्या, झालं यान! शास्त्रज्ञ डॉक्टरबाई झाली धाकटी बहीण जागृती. परग्रहवासी झाला दोस्त अंकुश, कारण तो उंच होता आणि त्याला पाठांतर जमत नव्हतं. अंकुशच्या अंगात फवारणीच्या वेळी घालायचा पांढरा सूट, डोळ्यांवर लाल जिलेटिनचा कागद लावलेला चष्मा आणि पाठीवर फवारणीचा कोरा करकरीत पंप. तो सूट गावात घरोघरी आहे. पण उकडतं म्हणून घालत कुणीच नाही. त्यामुळे तो घातलेला माणूस लोकांना दुसऱ्या ग्रहावरचाच वाटणार, याबद्दल अश्वजितला तिळमात्र शंका नव्हती.

अडचण एकच होती. तिचं नाव कवडू, अर्थात अश्वजितचे वडील.

"बाबा, यान आपल्या तुरीत उतरवू काय?"

"माह्या तुरीत कूलर ठेवशीन तं तुलेच त्याच्यात बसवून पाठवून देईन!"

मग यान बांध, आंजीच्या भाषेत धुरा, ओलांडून शेजारच्या वावरात उतरलं. ते वावर अंकुशच्या वडिलांचं, म्हणजे लक्ष्मणरावांचं. त्यात कपाशी होती, गावकऱ्यांची पऱ्हाटी. पोरगा हिरो होतोय म्हटल्यावर लक्ष्मणरावांनी आनंदाने होकार दिला.

कवडूंनी मात्र पोराला अंगणात उभं करून अट घातली. "हे पाय अश्वजित, लग्नाचे फोटो सोडून तू हे जे खूळ घेतलं, त्याले मी एकच मोका देतो. नात्यातला नाई, गावातला नाई, असा एक तरी पाहनारा म्हनला पाहिजे का बा, पुढं काय झालं? तसा एक जरी निघाला तं काढत बस तुह्या सिरीजा. नाई तं थंडी लागली का सेलूले जायचं. जवायाच्या दुकानात बसायचं."

सेलूच्या जावयाचं, म्हणजे रुपेशचं, कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, औषधं. तिथल्या गल्ल्यामागच्या खुर्चीत आपण आयुष्यभर बसलोय आणि समोर कुणीतरी थायमेटचा भाव विचारतोय, हे चित्र डोळ्यांसमोर येताच अश्वजितला दरदरून घाम फुटला.

"एकच काय बाबा, हजार निघतीन!" तो म्हणाला.

पहिला भाग टाकला त्या दिवशी अश्वजित मोबाइल घेऊन सकाळपासून बाजेवर बसून होता. जागृती शेजारी. आणि आला! पहिला अभिप्राय आला! कुणी ओमप्रकाश. ना नात्यातला, ना गावातला! अश्वजितने बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'पऱ्हाटीवर लाल्या आला हाय, पानं लाल पडून राह्यली. मालकाचं ध्यान कुठं हाय?'"

आतून कवडूंचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता, हसू होतं.

"येईन, दुसरा येईन," असं म्हणेस्तोवर दुसरा आला. 'मॅग्नेशियम कमी पडलं.' तिसरा आला, 'मॅग्नेशियम गिग्नेशियम काई नाई, पानी साचलं. धुऱ्याकडची ओळ पाहा.' चौथ्याने तर कहर केला. 'धुऱ्याकडची ओळ दिसून नाई राह्यली. तो कूलर बाजूले करा.'

"कूलर?" अश्वजित बाजेवरून ताडकन उठला. "यानाले कूलर म्हनून राह्यले हे लोकं!"

"दादा, कूलरच हाय तो," जागृती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत अभिप्रायांचा ढीग पडला. एकाने लाल पानं मोजली होती. दुसऱ्याने त्याची मोजणी चुकीची ठरवली होती. दोघांचं भांडण लागलं, त्यात तिसरा पडला आणि चौथ्याने सगळ्यांना आपापल्या वावरात लक्ष घालायला सांगितलं. डॉक्टरबाईंबद्दल एकच मत आलं होतं. 'बाईले सांगा, पऱ्हाटीतून चालताना फांद्या मोडू नोको.' परग्रहवासीयाबद्दल तेवढंही नाही!

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव दारात. चेहरा त्यांच्या कपाशीसारखाच लाल!

"काऊन रे अश्वजित? तुले वावर दिलं आन तू माही इज्जत घेतली? देवळीहून साळ्याचा फोन आला, आर्वीहून साडूचा फोन आला. सारे म्हनून राह्यले, लक्ष्मणराव, पऱ्हाटीकडं पाहत नाई काय? उचल तुहा कूलर! आन अंकुशले मी घरी ठेवतो!"

अश्वजितच्या पायाखालची जमीन सरकली. यान नाही, परग्रहवासी नाही, म्हणजे सिरीज नाही. आणि सिरीज नाही म्हणजे सेलू, खुर्ची आणि थायमेट! त्याने लक्ष्मणरावांचे दोन्ही हात धरले.

"काका, एक मोका द्या! पुढच्या भागात तुमची पऱ्हाटी अशी हिरवीगार करतो का साडूनं तोंडात बोट घातलं पाहिजे!"

"तू करशीन? मले दोन फवारे मारून नाई झाली!"

"मी कम्प्युटरवर करतो, काका."

लक्ष्मणरावांनी क्षणभर विचार केला. वावरातला लाल्या जाणार नव्हता, पण साडूच्या मोबाइलमधला तर जाणार होता! त्यांनी परवानगी दिली.

सुकलेल्या हारालाही अल्बममध्ये टवटवी आणणारा हात तो. त्याला कपाशीचं काय! दुसऱ्या भागात परग्रहवासी झाडासमोर उभा राहिला, त्याने पंपातून हिरवंगार संजीवनी द्रव्य शिंपडलं (पाण्यात खसचं सरबत घातलं होतं), जागृती दोन्ही हात वर करून "अद्भुत!" असं ओरडली आणि बघता बघता सबंध वावर हिरवं झालं. इतकं हिरवं की खुद्द लक्ष्मणराव मोबाइलमध्ये बघून म्हणाले, "माही होय काय हे?"

आणि अभिप्रायांचा पाऊस सुरू झाला! सेलू, हिंगणघाट, देवळी, पार यवतमाळपर्यंतचे लोक! सगळे अनोळखी!

'औषध कोनतं?'

'पंपाले किती टाकायचं?'

'एका फवाऱ्यात एवढा रिझल्ट? भाऊ, नाव सांगा!'

'तुरीवर चालन काय?'

अश्वजितने आधी डोक्याला हात लावला. पण पाहणाऱ्यांचा आकडा चढत चालला होता आणि माणसाला आकडा चढताना दिसला की अक्कल जरा उतरतेच. आपण कलावंत आहोत, कथेच्या बाहेर यायचं नाही, असं ठरवून त्याने रुबाबात उत्तर लिहिलं. 'ते द्रव्य या पृथ्वीवर मिळत नाही.'

झालं! लोकांनी याचा सरळ अर्थ लावला की माल शॉर्ट आहे.

'इथं नाई तं नागपूरले मिळन काय?' 'सारा माल मोठ्या लोकायनं दाबून ठेवला!' 'आमच्या टायमालेच कसं संपते?' आणि मग कुणीतरी शोध लावला की या पोराचा भाऊजी सेलूला कृषी केंद्र चालवतो!

दुपारी रुपेशचा फोन आला. मागे बाजार भरल्यासारखा गलका.

"अश्वजित! काय करून ठेवलं बाप्पा? दुकानाच्या बाहेर लाइन लागली! सारे म्हनते, मंगळवालं औषध द्या! मी म्हनलो, असं औषधच नाई. तं म्हनते, लपवून ठेवलं! एक जन तं गोडाऊनात शिरला!"

"भाऊजी, ते खसचं सरबत होय."

"काय होय?"

"सरबत."

 मग रुपेश हळूच म्हणाला, "हे मी इथं सांगू? हे लोकं मले जित्ता ठेवतीन?" आणि फोन कट!

अश्वजित हादरला खरा, पण शेवटचा भाग बाकी होता आणि लाल्याने कपाशीची पानं गळायला लागली होती. शूटिंग आटोपणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सगळे वावरात गेले. अंकुशने सूट चढवला, पंप पाठीवर घेतला, लाल चष्मा लावला. जागृतीने कॅमेरा धरला. "ॲक्शन!" म्हणायला अश्वजितने तोंड उघडलं आणि रस्त्यावर मोटरसायकली थांबल्याचे आवाज आले. मागून एक टेम्पोही. त्यातून माणसं उतरली, वीस-पंचवीस तरी असतील. सगळे धुऱ्यावर येऊन थांबले.

"हेच काय ते वावर?" सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्याने विचारलं. त्यांना सगळे तानबाजी म्हणत होते.

लक्ष्मणराव बैलजोडी घेऊन तिथेच होते. दोन दिवस ते फोनवर साडूला, "हो, मारलं एक औषध," असं ऐटीत सांगत होते. आता ऐट कुठल्या कुठे गेली.

"हेच होय," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

तानबाजींनी एक पान तोडलं. लालभडक. दुसरं तोडलं. तेही लाल. "मंग हिरवं कुठं गेलं?"

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "तो पाहा! पंपवाला!"

आणि सगळे अंकुशकडे धावले! अंकुशला चष्म्यातून फक्त एवढंच दिसलं की लाल रंगाचे पुष्कळ लोक आपल्या अंगावर येत आहेत. तो जीव घेऊन पळाला. पुढे परग्रहवासी, मागे अर्धा तालुका!

"थांब बाप्पा!"

"मारत नाई तुले, पंपाले किती ते तं सांगून जाय!"

"माही पऱ्हाटी तोडू नोका!" लक्ष्मणराव सगळ्यांच्या मागे!

अंकुश एका ओळीतून शिरला, दुसरीतून निघाला आणि शेवटी थेट यानात जाऊन लपला. यानाने त्याचं वजन घेतलं नाही. कूलरचे पत्रे चारी बाजूंना गेले, छत्र्या घरंगळत धुऱ्यापर्यंत पोचल्या आणि पंपाचं झाकण उडून सगळी संजीवनी तानबाजींच्या धोतरावर सांडली. तानबाजींनी धोतर उचललं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"अबे, हे तं सरबत होय!"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अश्वजित हात जोडून पुढे आला आणि त्याने सगळं सांगितलं. औषध नाही, हिरवा रंग कॉम्प्युटरचा, ही गोष्ट आहे, विज्ञानकथा. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी हात उगारला नाही. पण ज्या नजरेने ते त्याच्याकडे बघत होते, तिच्यापेक्षा दोन फटके बरे, असं त्याला वाटलं. त्यांच्याही वावरात लाल्या होता, म्हणूनच तर ते एवढ्या दूर आले होते.

"पोट्ट्या," तानबाजी जाता जाता म्हणाले, "गोष्ट सांग ना, मनाई नाई. पन पऱ्हाटीबद्दल खोटं नोको सांगू."

जागृतीचा कॅमेरा मात्र चालूच राहिला होता. यान मोडलेलं, दुसरं शूटिंग शक्य नाही, म्हणून अश्वजितने तोच पाठलाग शेवटचा भाग म्हणून टाकला. पृथ्वीवासी मागे लागतात, परग्रहवासी यानात शिरतो, यान कोसळतं, पडदा काळा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'औषध खोटं आहे. माफ करा.'

मग अभिप्राय आले. शिव्याच होत्या. एक जण धोतर धुवायला लागलेल्या साबणाचे पैसे मागत होता. अश्वजितने सगळे अभिप्राय वरून खाली वाचले, खालून वर वाचले. पुढं काय झालं, असं एकानेही विचारलं नव्हतं.

थंडी लागली. सेलूला जायच्या सकाळी बॅग दाराशी ठेवून अश्वजित जेवायला बसला. आई, भागीरथाबाई, गरम भाकर वाढत होत्या.  तेवढ्यात कवडूंचा फोन वाजला. रुपेश होता आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"मामाजी, पाया पडतो! त्याले पाठवू नोका! अजून लोकं मंगळवालं औषध मांगून राह्यले. हा गल्ल्यावर बसलेला दिसला तं म्हनतीन, पाहा, माल आला!"

कवडूंनी फोन ठेवला.  मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाकडे बघतच विचारलं, "मंग तो बिचारा तसाच मेला काय?"

"कोन, बाबा?"

"तोच. लाल डोळ्याचा. यान पडलं ना त्याचं. घरी पोचला का नाई?"

अश्वजितच्या हातातला घास हातातच राहिला. "बाबा! तुम्ही सिरीज पाह्यली?"

"मी कायले पाहू? जागृतीनं लावली तं कानावर आलं."

"कानावर?" भागीरथाबाई तव्यावरून वळल्या. "घडी घडी लावून पाह्यते हा मानूस! तो पडला तवा डोळेबी पुसले!"

अश्वजितला भरून आलं. एवढ्या मोठ्या दुनियेत त्याच्या गोष्टीचा एक खरा प्रेक्षक होता, आणि तो घरातच भाकर खात होता! पण लगेच त्याला अट आठवली.

"पन बाबा, तुम्ही तं नात्यातले. नात्यातला धरायचा नाई म्हनले होते."

"मी बाप म्हनून इचारलं काय? पाहनारा म्हनून इचारलं!" कवडू खेकसले. "काढ पुढचे भाग. पोचव त्याले घरी."

अश्वजितने उठून बॅग आत फेकली, ती सरळ जागृतीच्या पायावर!

"पन एक सांगतो," कवडू म्हणाले.

अश्वजित पुन्हा खाली बसला. पहिल्यांदाच एक खरा पाहणारा सिरीजबद्दल खरं मत देणार होता. त्याने कान टवकारले.

कवडूंनी दाराबाहेर पाहून आवाज उतरवला. "अवंदा यान आपल्या तुरीत उतरव. आन कम्प्युटरवर तूर हिरवी करजो. लक्ष्मणरावाच्या पऱ्हाटीपेक्षा जरा जास्त."