मूठभर पांढरं मीठ

धाकूला तोंड होतं, पण ते आईसाठी नव्हतं. बायजाची तक्रार ही एवढीच, आणि ती सगळ्या गावाला पाठ होती. मुंबईच्या कापडगिरणीत लागल्यापासून तो लोखंडाशी तासन्तास बोलायचा आणि जन्म दिलेल्या बाईला अर्ध्या वाक्यात वाटेला लावायचा. ठाण्याच्या खाडीकाठी तिचं मिठागर होतं, तिथे तिचा शब्द खाली पडत नसे.

गिरणीत ओलं कापड पिंपात गरगर फिरवून निथळतात, तसं विजेच्या मोटरीवर ओलं मीठ वाळवायचं, असं धाकूच्या डोक्यात आलं होतं. पडवीत मोटर, तिला वीज पुरवणाऱ्या तेजाबाच्या बरण्या आणि पट्ट्याने फिरणारं भोकाभोकांचं पिंप मांडलेलं. आज गिरणीचा साहेब बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं, तर धाकू मिस्त्री होणार होता.

"आये, सायबाला आणाया जातो. पिंपात ओला मीठ भरलाय. रिकामा फिरला तं वाईट व्हील."

"कसला वाईट?"

धाकू तोवर बांधावर पोचला होता.

पाळणा काय, पिंप काय, रिकामं हलवू नये, हे बायजाला कोणी शिकवायला नको होतं. सात पोरांची आई ती. बारशाला बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवायची. पण झाकण उघडून बघते तर आत चिखलाळलेलं, काळपट मीठ!

"बायजाच्या घरचा मीठ म्हणून ह्यो दाखवणार? मेल्याला लाज नाय!"

तिने सगळं उपसलं, मडक्यातलं पांढरंशुभ्र मूठभर मीठ आत ठेवलं आणि झाकण लावलं. पाळणा रिकामा राहिला नाही.

"दोन मण हाय आत, सायेब," पडवीत आलेल्या साहेबाला म्हणत धाकूने कळ दाबली.

दोन मणांच्या तयारीने निघालेल्या मोटरीला ओढायला काही मिळेना. ती गुणगुणली, मग घुमली, मग किंचाळायला लागली.

"धाकू, ही बोंबलते का रं?" बायजाने विचारलं.

फट्‌कन पट्टा तुटला. पिंप उडालं, वाळत घातलेल्या सुकटावरून गडगडत, शेजारच्या तुळसाच्या कोंबड्या उधळत थेट खाडीत गेलं. मोटरीतून धूर निघाला. साहेबाने मिशीवर उडालेलं मीठ चाटून पाहिलं.

"नमक तो सूखा है. हिसाब गलत है," म्हणाला आणि टांग्यात बसला.

धाकू पायरीवर मटकन बसला. "माजाच हिसाब चुकला, आये. उद्यापासून आगरात येतो. तुजाच खरा."

हेच ऐकायला ती चार वर्षं टपली होती. आज ऐकलं, आणि तिला आपण उपसलेलं मीठ आठवलं. बोलली नाही, तर पोरगा कायमचा घरी. बोलली, तर काखेत कोंबडी धरून उभी असलेली तुळसा ते संध्याकाळपर्यंत गावभर करणार. टांगा बांधाच्या टोकाला पोचला होता.

"ऊठ रं!" बायजा ओरडली. "हिसाब तुजा बराबर हाय. मीठ मी बदलला. तुजी मोटर शहाणी, तुजी आये येडी. पळ, टांगा गाठ नि सायबाला असाच सांग. आन ह्या बारीला पुरता बोल, मेल्या!"