कोपऱ्यातली बुरशी

आमच्या शांती नगरात कोणी नवे बूट घेतले की रेगेकाका त्याला जिन्यातच गाठायचे. बूट बघायला नव्हे. खोक्यातली ती ओल शोषणारी पुडी मागायला, 'खाऊ नये' असं लिहिलेली. औषधाच्या बाटलीतली, पर्समधली, कुठलीही चालायची. कोपऱ्यावरचा बूटवाला एकदा वैतागून म्हणाला, "अंकल, कभी जूता भी ले लो." काका म्हणाले, "जूते को फंगस लगा तो पोंछ सकते हैं, भाई. लेन्स को लगा तो रोना पडता है."

काकांकडे एक जुना, रोल घालायचा रेंजफाइंडर कॅमेरा होता आणि त्याच्या तीन लेन्स. गिरगावातून इकडे आल्यापासून त्यांचा मीरा रोडच्या हवेवर विश्वास नव्हता. खाडी जवळ, हवा दमट. भिंगात बुरशी धरते आणि कडेने हळूहळू मधे सरकते, या धास्तीने माणूस पंख्याखाली बसून घामाघूम व्हायचा. लेन्स पोळ्यांच्या हवाबंद डब्यात, भोवती पुड्यांचा पहारा. फिल्मचे रोल फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. "हवा वाईट आहे," हे त्यांचं पालुपद. पाणी आलं नाही, हवा वाईट. सोसायटीची मीटिंग उधळली, हवा वाईट. पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हाही तेच.

माणसांची वर्गवारी ते लेन्सवरून करायचे. "पस्तीस मिलिमीटरची म्हणजे आगाऊ पाहुणा. थेट स्वयंपाकघरात शिरतो. पन्नास म्हणजे संसारी, आहे तेवढंच दाखवतो. आणि एकशेपस्तीस म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधली बाई. लांबून सगळं बघणार, बोलणार काही नाही."

"मग मी कोण, काका?"

"तू? तू एकशेपस्तीस, सुहास. विचारायला काय हवं?"

मी हसलो. बोललो काही नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी मला हाक मारली. मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहतो. कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "कॅमेऱ्याच्या या छोट्या खिडकीतून बघ. डावा कोपरा धुरकट दिसतोय ना? शिरली बुरशी."

मी डोळा लावला. समोरची गॅलरी, वाळत घातलेली चादर, तिचे चिमटे, सगळं लख्ख दिसत होतं. मी मान वर केली, तर काका माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसं रिपोर्ट उघडणाऱ्या डॉक्टरकडे बघतात. माझ्या तोंडून निघालं, "हो काका. थोडंसं धुरकट आहे."

त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. "बघ. हवाच वाईट."

मग तो रिवाजच पडला. ऑफिसातून आलो की काकांकडे चहा आणि कोपऱ्याची तपासणी. लेन्स बदलून झाल्या, उन्हात ठेवून झाल्या, डब्यातल्या पुड्या कढईत भाजून झाल्या. कोपरा त्यांना धुरकटच दिसायचा. मी रोज 'हो' म्हणायचो. काय झालंय ते मला कळत होतं. त्यांचा चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवला जात होता. समोर धरलेली बशी त्यांना दिसायची, बाजूला ठेवलेली दिसायची नाही.

उन्हाळा लागल्यावर एका संध्याकाळी मी नेहमीसारखा डोळा लावला आणि नेहमीसारखं म्हणालो, "आहे काका, तसंच आहे." कॅमेरा खाली घेतला, तर लेन्सवर काळं टोपण तसंच लावलेलं.

मी टोपणाकडे बघतच राहिलो. म्हणजे या खिडकीतून दिसणारं काही लेन्समधून येतच नव्हतं. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लेन्समध्ये बुरशीचं जंगल माजलं असतं, तरी इथे दिसलं नसतं. जन्मभर हा कॅमेरा वापरणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल? काकांनी टोपण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कॅमेरा मुकाट्याने डब्यात ठेवला. त्या दिवशी हवेबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही तसाच उठलो. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.

त्यानंतरच्या रविवारी दूध घेऊन येताना समोरून काका रस्ता ओलांडत होते. बाजूने रिक्षा येत होती. चांगली मोठी, हॉर्न वाजवत. काका सरळ तिच्यापुढे चालत गेले. रिक्षा करकचून थांबली. "दिखता नहीं क्या, चाचा?" ड्रायव्हर ओरडला. काका जागच्या जागी उभे होते. मी त्यांचा दंड धरला आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, म्हणालो, "काका, लेन्स स्वच्छ आहे. पहिल्या दिवसापासून स्वच्छच होती."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"मग मला का विचारत होतात?"

"तू हो म्हणायचास. तेवढी रात्र बरी जायची." आणि मग, फुटपाथवर आल्यावर, "आमचे दादा, म्हणजे वडील, काचबिंदूने आंधळे झाले. मीच भरवायचो त्यांना. मला कोण आहे रे?"

त्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या, तोंडाने फटकळ. तपासून म्हणाल्या, उजव्या डोळ्याचं बरंच गेलंय, ते परत येणार नाही. डावा औषधांनी टिकवता येईल, थेंब चुकवायचे नाहीत. मग माझ्याकडे वळल्या. "मुलगा ना तुम्ही? एवढे महिने काय करत होता? सहा महिने आधी आणलं असतंत, तर हा डोळाही बराच राहिला असता."

काकांच्या डोळ्यांत तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातलेले होते. ते माझ्या दिशेने तोंड करून बसले होते, पण त्यांना मी नीट दिसत नव्हतो.

"त्याला बोलू नका, डॉक्टर," ते म्हणाले. "तो रोज मागे लागायचा. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि औषधं लिहायला घेतली. मी तेव्हाही गप्पच बसलो.