आतल्या संगणकाची वेळ

चागास रोगावरचं औषध शोधून काढायचं, असं मी ठरवलं होतं. हसू नका! मी डॉक्टर नाही की शास्त्रज्ञ नाही. अल्गारोबो सोलो गावच्या रेडिओचा निवेदक, तंत्रज्ञ आणि झाडूवाला, तिन्ही मीच. पण आमच्याकडे संगणक होता! कोणतं रसायन या रोगाच्या जंतूला चिकटेल, याचा हिशेब एका यंत्राने करायचा तर शंभर वर्षं लागतील. म्हणून एका योजनेने तो तुकड्यातुकड्यांनी जगभरच्या संगणकांना वाटून दिला होता. त्यातला एक तुकडा माझा.

रोग आमचाच. मातीच्या भिंतीच्या फटीत राहणारा विंचुका नावाचा किडा चावतो, माणूस विसरून जातो आणि तीस वर्षांनी हृदय दगा देतं. माझी आई रुमुआल्दा इथून ट्रकने पावणेदोन तासांवर रानात राहते. तिची नाडी मधेच थांबायची आणि विचार करून पुढे निघायची. तिला पेसमेकर हवा होता, आणि त्यासाठी शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांची कागदावर सही. ते तीन महिन्यांतून एकदाच आमच्या दवाखान्यात यायचे, मंगळवारी आठ ते अकरा. आणखी तीन महिने आईचं हृदय धीर धरेल, याची खात्री मला कुणी देत नव्हतं. मला भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी.

तर संगणक. योजनेची प्रणाली रेडिओच्या जुन्या संगणकावर चालेना. मग मी त्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक बसवला! खराखुरा नव्हे, आभासी. पण त्याला स्वतःचा पडदा आणि कोपऱ्यात स्वतःचं घड्याळ. बाहेरचा गाणी वाजवणार, आतला औषध शोधणार.

"काही बिघडलं तर आतल्या आत बिघडेल," दवाखान्याच्या नर्सला, झुनिल्दाला, मी छाती काढून सांगितलं. "आतलं बाहेर येतच नाही!"

"तुझ्या पोटात आजवर काही राहिलंय का?" ती म्हणाली.

अडचण एकच होती. आतला जोरात हिशेब करायला लागला की बाहेरची गाणी अडखळायची. गायकाला उचकी लागल्यासारखं वाटायचं. म्हणून काही थेट ऐकवायचं असलं की मी आतल्याला थांबवायचो आणि ते संपलं की पुन्हा सोडायचो. तो जिथे थांबला होता तिथूनच गुमान पुढे निघायचा. किती गुणी, असं मला वाटायचं!

डॉक्टर येणार होते त्या मंगळवारी माझा तुकडा संपत आला होता. पुढे सरकणारी हिरवी पट्टी डोळे भरून बघावी म्हणून मी आतलाच पडदा मोठा करून ठेवला. मग चर्चमधली प्रार्थना आली, आतल्याला थांबवलं. सोसा बंधूंचा ढोल आला, थांबवलं. सरपंचांचं भाषण, थांबवलं. बकऱ्यांचे भाव, थांबवलं. दहा मिनिटं इथे, वीस मिनिटं तिथे. आणि मधेमधे कोपऱ्यातलं घड्याळ बघून मी खणखणीत आवाजात सगळ्या रानाला वेळ सांगत होतो.

आता आमच्या रानात मोबाइल लागत नाही, आणि भिंतीवरची घड्याळं रेडिओ ऐकून लावतात. दिवस ऑगस्टातला, आभाळ भरलेलं, त्यामुळे सूर्यालाही विचारायची सोय नव्हती. शाळेची घंटा माझ्या वेळेने वाजली. रोग्यांना आणणारा ट्रक माझ्या वेळेने निघाला. झुनिल्दाने दवाखाना माझ्या वेळेने उघडला. सगळं गाव एकदिलाने दीड तास मागे चाललं होतं, आणि एकाचीही तक्रार नव्हती!

तक्रार होती ती फक्त शहरातून आलेल्या माणसाची.

मी माइकवर "साडेनऊ वाजले आहेत" म्हणतो न म्हणतो, तोच झुनिल्दा दार ढकलून आत आली.

"काय म्हणालास? किती वाजले?"

"साडेनऊ."

"डॉक्टरांच्या घड्याळात अकरा वाजले, आणि ते गेले! सकाळी दीड तास पायरीवर बसले होते बिचारे. मी त्यांनाच सुनावलं, म्हटलं तुमचं शहरी घड्याळ पळतंय, आमचा एवारिस्तो चुकत नाही!"

मी आतला पडदा बाजूला सारला. मागे बाहेरच्या संगणकाचं घड्याळ होतं. अकरा वाजून दोन मिनिटं. आतला थांबला की त्याचं घड्याळही थांबतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

थोड्याच वेळात ट्रक आला. अकरा रोगी उतरले. आई सगळ्यांत शेवटी, ठेवणीतली शाल पांघरून, दोन पावलांवर एकदा थांबत.

"वेळेत आलो ना रे?" ती म्हणाली. "तू आठ म्हणालास आणि आम्ही निघालोच बघ."

मी तसाच आत पळालो आणि माइक उघडला. रानातल्या माणसांचे निरोप आम्ही रोज वाचतो. कुणाचं पत्र आलंय, कुणाची गाय सापडलीय. आज निरोप माझाच होता.

"शहराच्या रस्त्यावरच्या सर्वांना निरोप! पांढरी गाडी येते आहे, आत चिडलेले डॉक्टर आहेत. त्यांना आदराने अडवा. चूक माझी आहे, त्यांची नाही. इथे अकरा जण थांबलेत. त्यात माझी आई आहे."

पुढचं मला नंतर कळलं. बकऱ्या राखणाऱ्या निकासिओने दोनशे बकऱ्या रस्त्यावर सोडल्या आणि टोपी काढून डॉक्टरांच्या घरच्यांची खुशाली विचारली. एका विधवेने माते नावाचा आमचा कडू चहा पाजला. दुसरीने तेवढ्यात दाढ दाखवून घेतली. गाडीची किल्ली कुणी काढली ते आजवर कळलेलं नाही, पण ती आदरानेच काढली असणार!

तासाभराने गाडी परत आली. मागे भेट मिळालेलं करडू ओरडत होतं.

"कोण तो रेडिओवाला?" डॉक्टर गरजले.

अकरा रोग्यांनी अकरा बोटं माझ्याकडे केली. माझ्या आईनेसुद्धा!

पण माणूस मोठा. एकेकाची छाती शांतपणे तपासली. आईची नाडी स्वतःच्या घड्याळावर मोजली, मिनिटाला चाळीस ठोके, आणि कागदावर सही केली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"आता सांग," ते म्हणाले, "असलं काय महत्त्वाचं करत होतास त्या यंत्रात?"

"चागासवरचं औषध शोधत होतो."

"जन्म कुठला तुझा?"

"आईच्याच घरातला. मातीच्या."

"मग रक्त तपासलंस?"

मी छताकडे बघितलं. सहा वर्षं रोज सकाळी 'वेळीच रक्त तपासून घ्या' हे निवेदन मीच वाचतो, तेही अगदी कळकळीने.

"वेळच मिळाला नाही," मी पुटपुटलो.

सगळे खो खो हसले. आई हसली नाही. "बाही वर कर," ती म्हणाली.

मी बाही वर केली. झुनिल्दाने सुई काढली, ती मी बघितली आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, माझं डोकं आईच्या मांडीवर होतं, आणि मिनिटाला चाळीस ठोक्यांची ती बाई मला शालीने वारा घालत होती.