पिछाडीवाला

शर्यतीसाठी नावनोंदणी सुरू झाली त्या सकाळी डॅरिल हेक्किनेन अकरा मिनिटं उशिरा उठला, आणि तेवढ्यात सगळ्या जागा भरल्या. बर्फातल्या याच चाळीस किलोमीटरांच्या सायकल शर्यतीत गेल्या वर्षी तो पाचवा आला होता. हळहळत त्याने मार्जला फोन लावला. शर्यतीचा सगळा कारभार मार्जकडे असे.

"जागा नाही रे. पण पिछाडीला राहतोस का?" ती म्हणाली. "शेवटच्या स्वाराच्या मागे राहायचं. कुणाचं काही अडलं तर मदत करायची. सूप फुकट."

"आणि शेवटी कोण असणार?"

"एल्मा सारेला. दुसरं कोण?"

डॅरिलने कपाळाला हात लावला. एल्मा सारेलांनी गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि त्यातली बारा वर्षं डॅरिल त्या बसमध्ये होता. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. तीन हिवाळे त्या या शर्यतीत उतरत होत्या आणि तिन्ही वेळा त्या पोचायच्या आत दुपारचे तीन वाजून गेले होते. तीनला शर्यत बंद म्हणजे बंद. गेल्या वर्षी तर सहा मिनिटांनी हुकली होती.

शर्यतीच्या दिवशी उणे अठरा तापमान होतं आणि रात्रभर पडलेला ताजा बर्फ वाटेवर होता. साडेनऊला शिट्टी वाजली. दीडशे जाड टायरच्या सायकली बर्फाचा धुरळा उडवत झाडांत शिरल्या आणि मागे राहिल्या सारेलाबाई. त्यांच्या सायकलला पुढे-मागे इतक्या पिशव्या लटकत होत्या, की बाई शर्यतीला निघाल्यात की माहेरी, हे कळेना.

"डॅरिल, टोपी कानावर ओढ," त्यांनी मागे न बघता सांगितलं.

"हो, मिसेस सारेला," डॅरिल म्हणाला आणि त्याने टोपी ओढली.

त्यांचा वेग बघून त्याला वाटलं, यापेक्षा चालत गेलं तर लवकर पोचू. हळू चालवल्यामुळे अंग तापेना, म्हणून त्याने आतून आणखी एक जाकीट चढवलं. मग घाम आला. घाम आला म्हणून पाणी प्यायला गेला, तर पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीच्या नळीत पाणी गोठलेलं. सत्ताविसाव्या किलोमीटरला चाक बर्फात रुतायला लागलं. टायर थोडा मऊ करावा, म्हणून त्याने हवा सोडली. थोडी जास्तच सुटली. पंप लावून ती परत भरली, पंप फिरवून काढला, तर त्याच्याबरोबर व्हॉल्व्हची पिनही बाहेर आली आणि टुणकन उडून बर्फात गडप झाली. पंक्चर बुजवायला टायरमध्ये भरलेला पांढरा चिकट रस फवाऱ्यासारखा डॅरिलच्या मिशांवर बसला आणि तिथल्या तिथे गोठला.

तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी ती पिन, आणि गुडघाभर बर्फ. तो ओणवा होऊन शोधत असताना वळणावरून बर्फ दाबल्याचा कुरकुर आवाज आला. सारेलाबाई परत मागे येत होत्या.

"तुम्ही कशाला आलात? तुमचा वेळ जातोय!"

"आरशात दिसेनास तू. मागचं माणूस दिसलं नाही की माझा पाय पुढे पडत नाही. मिशीला काय लागलंय ते?"

"टायरचा रस. व्हॉल्व्हची पिन उडाली."

"बरं. पिन कुठे पडली? हात लावू नकोस, दडपशील तिला आणखी."

त्यांनी थर्मास काढला आणि वाफाळती कॉफी बारीक धारेने बर्फावर सोडली. बर्फ तपकिरी होत खाली बसत गेला. तिसऱ्या खड्ड्यात पितळ चमकलं. डॅरिलने आनंदाने पिन उचलली, आणि हातमोजा घालायला हात मोकळा हवा म्हणून ओठांत धरली.

"अरे अरे, तोंडात नको!"

उशीर झाला होता. पिन ओठाला घट्ट चिकटली.

"मिहेह हारेला..."

"बोलू नकोस. साल निघेल." थर्मासच्या तळाशी दोन घोट उरले होते. ते त्यांनी त्याच्या ओठावर ओतले आणि पिन अलगद सुटली. "सातवीत बसच्या दांड्याला जीभ लावली होतीस, तेव्हाही माझीच कॉफी गेली होती."

मग पंप मारणं सुरू झालं. एवढा थोरला टायर आणि वीतभर पंप! शंभर याने मारले, शंभर त्यांनी मारले, पुन्हा शंभर याने. सायकल उभी राहिली तेव्हा एक पंचवीस झाले होते. तेरा किलोमीटर उरले होते. तीनच्या आत पोचायचं तर बाईंना सकाळपासूनच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जायला हवं होतं, आणि हे दोघांनाही कळलं होतं.

"माझ्यामुळे झालं," डॅरिल पुटपुटला.

"नंतर रड. आधी पॅडल मार," म्हणत त्या निघाल्यासुद्धा.

पहिले दोन किलोमीटर त्यांचं लाल जाकीट दिसत होतं. मग त्याच्या टायरची हवा पुन्हा सुसू करत जाऊ लागली. तो थांबायचा, पंप मारायचा, निघायचा. लाल ठिपका झाडांत मिसळून गेला. गेल्या वर्षीचा पाचवा नंबर दातओठ खाऊन पॅडल मारत होता, पण बाई काही सापडेनात.

शेवटच्या मोठ्या चढापाशी तो उतरला. उतरावंच लागलं. इथे सगळेच उतरले होते, चढभर बुटांचे खड्डे होते. सायकल ढकलता ढकलता त्याने खाली बघितलं आणि जागीच थांबला. त्या खड्ड्यांवरून एका टायरची रेघ वर गेली होती. कुठे डगमग नाही, कुठे पाय टेकल्याची खूण नाही. तळापासून माथ्यापर्यंत एकच सलग रेघ. एकाहत्तर वर्षांची बाई, थर्मास रिकामा, आणि इथून बसल्या बसल्या वर गेली! डॅरिलने त्या रेघेच्या कडेने सायकल ढकलली. ती मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

माथ्यावर पोचला तेव्हा झाडांपलीकडून भोंग्याचा आवाज येत होता. "...दोन सत्तावन्न! एल्मा सारेला! मंडळी, शेवटचा स्वार आला. सगळे आले!"

डॅरिल एकटाच जंगलात "हेऽऽ" करून ओरडला आणि तोल जाऊन बर्फात पडला. उठल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की सगळे आले म्हणतात, म्हणजे आपण कुणाच्या हिशेबातच नाही.

अजून अडीच किलोमीटर होते. एक किलोमीटर कसाबसा गेला असेल, तोच समोरून लाल जाकीट आलं. गळ्यात पदक, हातात झाकणाचा डबा.

"तुम्ही परत आलात?"

"ते लोक शेवटच्या रेषेवरची फुगवलेली कमान उतरवायला लागले. म्हटलं, एक यायचाय. तर म्हणे कोण? म्हटलं, माझ्या मागचा." त्यांनी डबा पुढे केला. "वाटाण्याचं सूप आहे. पी. ओठ जपून."

डॅरिलने उभ्या उभ्या डबा रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं, ते वाफेमुळे आलं असं त्याने ठरवून टाकलं.

"मिसेस सारेला, तो चढ तुम्ही कसा काय..."

"हळू. घाई केली की चाक फिरतं जागच्या जागी. चल आता, हो पुढे."

"पण पिछाडीला मी आहे."

"हो ना, दिसतंय. हो पुढे."

तो पुढे झाला. मागून पंप मारायच्या, टोपीच्या, गिअरच्या सूचना येत राहिल्या आणि त्याने त्या सगळ्या पाळल्या. दोघं पोचले तेव्हा कमान हवा जाऊन आडवी पडली होती आणि मार्ज टेबल मिटत होती. तिने पिछाडीवाल्याचा कागद पुढे केला.

"शेवटी वाटेवर कोण होतं, ते लिही आणि सही कर."

डॅरिलने लिहिलं. मार्जने वाचलं आणि भुवया वर केल्या.

"एल्मा सारेला? अरे, ती तर तीनच्या आत आली. अख्ख्या गावाने पाहिलं."

"हो," डॅरिल म्हणाला. "पण त्या दोनदा आल्या."