दोन हजार पाचशे एकवीस कहकं

टण्ण. डब्याचं झाकण नशवाच्या हातून फरशीवर पडलं आणि इतका वेळ मोजणी बघत बसलेल्या नऊ जणींनी एकदम मान वर केली.

"किती भरली?" हज्जा इन्शिराहनं विचारलं.

"दोन हजार पाचशे एकवीस. तिसऱ्यांदाही तेवढीच."

इमारतीतल्या दहा घरांनी पीठ, तूप, खजूर एकत्र करून ईदची कहकं, म्हणजे खजूर भरलेली बिस्किटं, भट्टीतून भाजून आणली होती. गेल्या वर्षी वाटणीत एक कहक जास्तीचं निघालं. ते कुणाच्या डब्यात गेलं यावरून चौथा मजला पाचव्याशी दहा महिने बोलत नव्हता. म्हणून यंदा वाटणी इमारतीत नव्या, अजून कुणाच्याच बाजूच्या नसलेल्या नशवाकडे आली. इथं चुकली, तर या जिन्यात तिला पुन्हा कुणी सलामसुद्धा करणार नव्हतं.

नशवाच्या सात वर्षांच्या लेकीनं, रुकय्यानं, वहीत भागाकार मांडला. दहा घरांना दोनशे बावन्न. बाकी एक.

ते एक खाऊन टाकावं, तर सगळ्यांचे रोजे. रुकय्याचासुद्धा, आयुष्यातला पहिला. मोडून वाटावं, तर फुटकं कहक ईदच्या ताटात चालत नाही. दरवानाला द्यावं, तर एकच कहक देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.

उम्म तारिकनं मोठं मन केलं. पोरगा यंदा येत नाहीये, माझा वाटा नको, नऊच करा, म्हणाली. नऊ घरांना दोनशे ऐंशी. बाकी एक.

मादाम सुहैरला तिचं मोठं मन सहन होईना. तिला आपली रक्तातली साखर अचानक आठवली. आठ घरांना तीनशे पंधरा. बाकी एक.

"हा हिशेब आहे की करणी?" म्हणत तिसरी उठली. सात घरांना तीनशे साठ, बाकी एक. आता वाटे फुगत चालले तशी बसलेल्यांनाच लाज वाटू लागली. 'एवढाली घेऊन बसली' हे वर्षभर कोण ऐकणार? नशवाही बाहेर पडू पाहत होती, पण वाटणारीनं सोडायचं नसतं म्हणून हज्जानं तिला खाली बसवलं. सहा, पाच, चार, तीन. दर वेळी ते एक परातीत तसंच पडलेलं. नशवा धाकधूक विसरून लेकीच्या खांद्यावरून वहीत वाकली. हा आकडा कुणाचंच कसं ऐकत नाही?

शेवटी हज्जा आणि ती, दोघीच. बाराशे साठ. बाकी एक.

हज्जा गुडघ्यावर हात टेकून उठली. "ठेव बाई, सगळं तुलाच ठेव. तुझाच पायगुण."

जिन्यात शेवटचं दार लागलं. रुकय्यानं एकानं भागून पाहिलं. बाकी शून्य. तिनं शून्याभोवती फूल काढलं.

"आई, आता बरोब्बर वाटून झालं ना?"

नशवानं मान डोलावली, तशी रुकय्यानं वही मिटली.

"मग ईदला आपल्याकडे कहकं खायला येणार कोण?"